पऱ्याच्या आळीत गुन्हे होत नाहीत

फौजदार बाईंनी संगणकावर बघितलं, खालीवर केलं, पुन्हा बघितलं, आणि मग काशीरामाकडे मान वळवली.

"काका, तुमच्या आळीत काही झालेलंच नाही. दोन वर्षं मागे गेले मी. चोरी नाही, मारामारी नाही, साधी कोंबडी हरवल्याची तक्रार नाही. अख्ख्या रत्नागिरीत इतका सुरक्षित भाग मला दुसरा दाखवता यायचा नाही."

बाई चेष्टा करत नव्हत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली होती, पाणी मागवलं होतं. त्यांच्यासमोर जे होतं ते त्या सांगत होत्या.

"माझी बायको गेली ती त्याच आळीत," काशीराम म्हणाला.

"गेल्या. पण कशाने गेल्या हे तुम्हीच लिहून दिलंय." त्यांनी कागद त्याच्याकडे फिरवला. "'माझी पत्नी सोनूबाई ही घराच्या पायरीवरून पाय घसरून पडली.' खाली सही तुमचीच ना?"

सही त्याचीच होती. त्या दिवशी सोनूबाई आत खाटेवर होती, नाकात नळी घातलेली, आणि तो बाहेर बाकड्यावर बसला होता. हवालदार आला तेव्हा शेजारी आळीचा मानकरी भागोजी होता. हवालदार विचारत होता आणि भागोजी सांगत होता. मग कोणीतरी काशीरामाच्या हातात पेन दिलं. त्या वेळी कोणी त्याचं घर लिहून घेतलं असतं तरी त्याने सही केली असती.

"ती पडली नाही. मोटारसायकलवरून दोघे आले, पत्ता विचारला आणि गळ्याला हात घातला."

"तुम्ही बघितलंत?"

"मी आत होतो. ओरडली म्हणून धावलो. तोवर गाडी वळणावर गेलेली. ती म्हणाली, ओढून नेलं मेल्याने. तेवढंच बोलली. मग बोललीच नाही."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. "काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पत्ता विचारायचा आणि गळ्याला हात घालायचा, ही पद्धत आम्हाला माहीत आहे. बाजूच्या तालुक्यात एक पोरगा पकडलाय. त्याने बऱ्याच ठिकाणांची कबुली दिली, पण तुमची आळी सांगितली नाही. तो कशाला सांगेल? आमच्याकडेच नोंद नाही. तुमचा आधीचा जबाब तुमच्याच विरोधात उभा आहे. मला दुसरं माणूस आणून द्या. ज्याच्या बाबतीत तिथेच असं झालंय आणि ज्याने चोराचं तोंड बघितलंय. मग मी हे प्रकरण उघडते."

असं माणूस होतं. काशीरामाला ते ठाऊक होतं, आणि सगळ्या आळीलाही.

*

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने ही आळी जाते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंती, गडगे, आत कौलारू घरं, मधेच एखाददुसरी नवीन स्लॅबची. काशीरामाचा जन्म बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेला. घरी येताना त्याचे हात इतके गार असायचे की सोनूबाई त्याला आधी चुलीशी बसवायची आणि मग भांड्याला हात लावू द्यायची. निवृत्त झाल्यावर दोघंच होती. मूलबाळ नव्हतं.

गेल्या साली शिमग्याच्या आधी गंगाचं मंगळसूत्र गेलं. ती नळावरून येत होती. दोघे मोटारसायकलवरून आले, कुणाचं तरी घर विचारलं, आणि ती हात करून दाखवते तोवर गळा मोकळा. पंधरवड्यात हौसाची सोन्याची माळ तशीच गेली. तिला नवऱ्याने केलेली, तो गेल्यावरही तिने काढली नव्हती. मागे बसलेल्याचा रुमाल सुटला आणि हौसाने त्याला पुरतं बघितलं.

पोलिसांत कोणी गेलं नाही. पोलिसांत गेलं की चकरा, आळीचं नाव जातं, मुलांच्या सोयरिकींना फाटे फुटतात. आळीची रीत वेगळी होती. वाघजाईच्या देवळात सगळी जमली आणि भागोजीने गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराचा. देवीसमोर नारळ धरून तो म्हणाला, "आई, लेकींच्या गळ्याला ज्याने हात घातला, तो असेल तिथनं त्याला ओढून काढ, त्याचा हात त्याच्या कामी येऊ देऊ नको." सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. काशीरामानेही म्हटलं. देवीवर घातलेली गोष्ट मग माणसाची उरत नाही. ती दुसरीकडे न्यायची नाही, तिच्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. नगरसेवकाने खांबावर बसवलेला कॅमेरा बिघडला तेव्हा भागोजी हसत म्हणाला होता, "बिघडू दे. आमचा कॅमेरा देवळात बसलाय."

आणि उन्हाळ्यात बसप्पा मेला.

बसप्पा घाटावरचा, रायचूरकडचा. गवंडीकाम करायचा. आळीच्या तोंडाशी भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. त्याच्याकडे जुनी मोटारसायकल होती. नव्या इमारतीच्या परांचीवरून तो खाली आला तो उजव्या हातावर, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपला. हाताचं ऐकल्यावर आळीत कोणाला आणखी काही विचारायचं उरलं नाही. देवळात नारळ फुटला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. बसप्पाच्या बायकोला महिना भरायच्या आत खोली सोडायला लावली. ती दारोदार हात जोडत फिरली. तिला मराठी नीट येत नव्हतं आणि आळीला ऐकायचं नव्हतं.

नारळ फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सोनूबाईने चोरांच्या भीतीने डब्यात ठेवलेलं मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं. "मिटलं एकदाचं," ती म्हणाली.

दिवाळीनंतर ती दुपारची घरापुढच्या खळ्यात बसली होती. उकडे तांदूळ वाळत घातले होते, कावळे हाकत होती. तेव्हा ते आले.

*

हौसा मागच्या दारी बांगडे साफ करत होती. दोन मांजरं पुढ्यात बसलेली.

"या भावजी. चहा टाकते. एवढे दोन होऊ देत."

"चहा नको, वैनी. पोलिसांकडनं येतोय."

हौसाची सुरी थांबली नाही. "कशाला गेलेलात?"

"तुम्ही त्याचं तोंड बघितलंत. तेवढं येऊन सांगा. त्यांनी एकाला पकडलाय. फोटो दाखवतील."

"माझे डोळे आता कुठे ऱ्हायलेत तेवढे?"

"तेव्हा होते."

"बसप्पाच होता तो. सगळ्या आळीला ठाऊक हाय." तिने एकदा साफ केलेला बांगडा पुन्हा हातात घेतला आणि त्यावरून पुन्हा सुरी ओढू लागली.

"बसप्पा मेला उन्हाळ्यात. सोनूला दिवाळीनंतर ओढली. मग मेलेला माणूस आला काय गाडीवरनं?"

आतून तिचा मुलगा संदेश आला. तो एका शाळेची गाडी चालवायचा. "काका, आईला यात ओढू नका. माझं देवरूखला ठरतंय. पोलीस दारात आले की ती माणसं मागे सरणार. सोनूकाकी आम्हाला परकी नव्हती, तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालोय. पण गेलेलं माणूस येतंय काय परत?"

"नाय येत."

"मग?"

"मग ती पडली असं कशाला बोलता? मला नळावर, दुकानात, सगळीकडे तेच. चक्कर आली असेल. पाय घसरला असेल. वय झालेलं. तू पण बोललास परवा."

हौसाने बांगडे ताटलीत ठेवले, हात धुतले, आणि पदराला पुसता पुसता हळूच म्हणाली, "भावजी, ते देवीवर घातलंय. गाऱ्हाणं मागे घेतल्याशिवाय मी तोंड उघडलं आणि उद्या ह्या पोराला काय झालं तर? भागोजीला सांगा. त्याने मागे घेतलं तर बघू."

मांजरं ओरडायला लागली. तिने एक डोकं त्यांच्याकडे टाकलं आणि ती आत गेली. चहाचं पुन्हा कोणी काढलं नाही.

*

भागोजी ओटीवर पेपर वाचत होता. चष्मा कपाळावर सरकवून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काशीराम, तुझं दुःख मला कळतं. पण तू काय बोलतंस ते तुला कळतंय काय?"

"कळतं. सोनूला मारली."

"मारली नाय. पडली. तुझ्यासमोर झालं काय? नाय ना? तू आत होतास. जेवून लवंडलेलास."

ते खरं होतं. काशीरामाला ते दर दुपारी आठवायचं आणि म्हणून तो हल्ली दुपारचा घरात थांबत नसे. भागोजीला हेही ठाऊक असावं.

"दादा, तिच्या मानेवर वळ होता. तुम्ही बघितलात दवाखान्यात."

"गडग्याचा असेल. हे बघ, देवीने न्याय केला. ज्याने हात घातला त्याचा हात मोडला. आता तू म्हणतोस तो दुसराच कोणी होता, आणि तो अजून फिरतोय. म्हणजे देवी चुकली."

"मी म्हणतो आपण चुकलो."

"तेच ते!" भागोजीचा आवाज चढला. मग त्याने स्वतःला सावरलं, पेपरची घडी घातली. "उद्या गंगा विचारील, माझं मंगळसूत्र गेलं त्याचं काय केलंत. परवा कोणी विचारील, त्या बाईला कशाला हाकलली. उत्तर कोण देणार? तू?"

"सगळ्यांनी द्यायचं."

"सगळ्यांनी!" भागोजी हसला. "बरं, माझ्याशी वाद नको. मी कोण सांगणारा? मंगळवारी कौल लावू. आई म्हणाली मागे घ्या, तर मी स्वतः मागे घेतो आणि हौसाला तुझ्याबरोबर पाठवतो. नाय म्हणाली, तर हा विषय पुन्हा आळीत काढायचा नाय. कबूल?"

काशीराम उभा राहिला. त्याने आयुष्यभर कौल मानला होता. लग्नाला मानला, घराच्या पायाला मानला, सोनूबाईच्या आजारपणात मानला.

"कबूल," तो म्हणाला.

*

मंगळवारी सकाळी देऊळ भरलं होतं. एवढी माणसं सोनूबाईच्या तेराव्याला आली नव्हती.

कौलाची रीत साधी आहे. गुरव ओल्या पाकळ्या देवीच्या पाषाणाला लावतो, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. मग प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. काशीराम खांबाला टेकून उभा होता. समोर भागोजी, बायकांच्या बाजूला हौसा, तिच्यामागे दारात संदेश.

"आई वाघजाई," भागोजीने सुरुवात केली, "तुझ्या पायाशी घातलेलं गाऱ्हाणं लेकरू मागे मागतंय. तुझ्या मनात परत द्यायचं असेल तर उजवा दे."

शब्द संपतात न संपतात तोच उजवी पाकळी सुटली. पाषाणावरून घसरली आणि खालच्या तांदळात पडली.

कोणी "होय महाराजा" म्हटलं नाही. काशीरामाने खांब घट्ट धरला. हौसा त्या पाकळीकडेच बघत राहिली.

"वारा आला," भागोजी म्हणाला.

"दाराकडनं आला जरा," मागून कोणीतरी म्हणालं.

"झुळूक होती," आणखी एक.

"पुन्हा लाव," भागोजीने गुरवाला सांगितलं.

गुरवाने पाकळी उचलली, तांब्यात भिजवली आणि उजव्या खांद्याला लावली. ह्या वेळी त्याने ती अंगठ्याने दाबली. डावी नुसती टेकवली. काशीरामाने ते बघितलं. देवळातल्या प्रत्येकाने बघितलं, कारण सगळ्यांचे डोळे तिथेच होते. भागोजीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. बराच वेळ काही झालं नाही. मग डावी पाकळी खाली आली.

"होय महाराजा," सगळे एकदम म्हणाले.

"झालं," भागोजी काशीरामाकडे वळला. "आईने सांगितलं. आता घरी जा. शांत हो."

"भागोजी," हौसा म्हणाली, "आता वारा नव्हता काय रे?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"हौसा, देवळात हायस."

"म्हणून तर विचारतेय. पहिल्याला वारा, दुसऱ्याला देवी? कुठनं आलं हे?"

"आई, चल," संदेशने तिचा दंड धरला.

"सोड." तिने हात सोडवून घेतला. ती उठली. "माझी माळ गेली ती मी सांगते. तो पोरगा होता. मिशी फुटलेली नाय, गोरटेला, इथे हनुवटीला खोक. बसप्पाला एवढ्या मिशा आणि केस पिकलेले. आंधळ्याला कळलं असतं. तो नव्हता. मला तेव्हाच ठाऊक होतं तो नव्हता."

"मग तेव्हा का नाय बोललीस?" गंगा म्हणाली. ती रडण्याच्या बेतात होती. "त्याच्या बायकोला मी खोलीबाहेर काढली, हौसाकाकी. मी तिची भांडी बाहेर टाकली."

"तुम्ही सगळ्यांनी मला विचारलंत, 'हौसा, हाच ना?' पण विचारलंत कधी? नारळ आधीच फोडलेलात. सगळ्यांच्या तोंडात खोबरं होतं. मी काय बोलणार होते? मी मान हलवली." ती काशीरामाकडे वळली. "भावजी, मी मान हलवली म्हणून सोनूने मंगळसूत्र घातलं. चला आता. कुठे सांगायचं ते सांगते."

काशीरामाने भागोजीकडे बघितलं. त्याने कौल कबूल केला होता. देवीसमोर, सगळ्यांसमोर. हे मोडलं तर उद्या त्याला खांदा द्यायलाही ह्या आळीतून कोणी येणार नव्हतं, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"दादा, मी जातो," तो म्हणाला.

"जा," भागोजी म्हणाला. "पण मग ह्या पायरीवर पुन्हा चढायचं नाय. दोघांनी."

*

ठाण्यात हौसाने काही फोटो बाजूला सारले आणि एकावर बोट ठेवलं. हनुवटीला खोक होती. बाईंनी तिचं सगळं लिहून घेतलं, मग काशीरामाचं. ह्या वेळी सही करायच्या आधी त्यांनी त्याला सगळं वाचून दाखवलं.

"त्या बसप्पाच्या बायकोचा काही पत्ता आहे?" त्यांनी शेवटी विचारलं.

हौसाने मान खाली घातली. पत्ता कोणाकडेच नव्हता. तिचं नावही दोघांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर पोलिसांची गाडी आळीत आली. पंचनाम्याला आळीतली दोन माणसं हवी होती. हवालदार दारं ठोठावत गेला. पहिल्या घरात रेडिओ चालू होता तो बंद झाला. दुसऱ्या घरात कुकरची शिट्टी होत होती, पण दार उघडलं नाही. तिसऱ्या घरातून एक बाई म्हणाली, घरात पुरुषमाणूस नाही, आणि तिच्या मागे पुरुषमाणूस खोकला. भागोजीच्या ओटीवर खुर्ची होती, पेपर होता, भागोजी नव्हता. शेवटी नळाची दुरुस्ती करायला आलेला नगरपालिकेचा एक कामगार आणि टोपली घेऊन चाललेली एक मच्छीवाली, असे दोन पंच झाले. मच्छीवाली म्हणाली, "सही करीन, पण लवकर करा. माल मऊ होतोय माझा."

"त्या नेमक्या कुठे होत्या?" बाईंनी विचारलं.

काशीरामाने खळ्यातली जागा दाखवली. मग गडग्याच्या तोंडाशी आला. पत्ता सांगायला ती तिथवर उठून आली असणार. कोणीतरी तिच्या जागी उभं राहायला हवं होतं, फोटोसाठी. हौसा न सांगता जाऊन उभी राहिली. संदेश घराच्या खिडकीत दिसला, मग पडदा सरकला.

"बघा रे, बघा," हौसा मोठ्याने म्हणाली. "पडद्याआडनं बघण्यापेक्षा बाहेर येऊन बघा. फुकट हाय."

कोणी आलं नाही.

"इथे हात घातला," काशीराम सांगू लागला. "गाडी चालू होती. ती इथनं..." तो गडग्याला हात लावून चालू लागला. जांभ्याची धार तळहाताला लागत होती. "इथपर्यंत आली. गाडीबरोबर. इथे चिरा बाहेर आलेला आहे. ह्यावर डोकं."

बाईंनी टेप धरायला लावली. अंतर बघून त्या थबकल्या. "इतकं? काका, साखळी एवढा वेळ तुटली कशी नाही?"

"साखळी पहिल्याच हिसक्याला तुटली असणार. तिने तुटलेलं टोक सोडलं नाही. मुठीत दोन मणी होते. नर्सने धुऊन दिले मला." त्याने बाहेर आलेल्या चिऱ्यावर हात ठेवला. "ती घसरली नाही हो. तिने धरून ठेवलं."

हवालदार लिहीत होता. लिहून झाल्यावर तो पंचांना वाचून दाखवू लागला, भरभर, तोंडातल्या तोंडात, जसं रोज वाचतात तसं. मयत सोनूबाई हिने मंगळसूत्र धरून ठेवल्याने आरोपीने तिला दुचाकीसोबत ओढत नेले, असं त्यात होतं.

"साहेब," काशीराम म्हणाला, "जरा मोठ्याने वाचा."

हवालदाराने बाईंकडे बघितलं. बाईंनी बंद दारांच्या त्या रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि मान हलवली. हवालदाराने घसा साफ केला आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं.